जाहीर आभार

दोन्ही हात जोडायचे, मान किंचित डावीकडे कलती करायची आणि म्हणायचं, "आभारी आहे." एवढं करून हे गृहस्थ गप्प उभे राहत. काम अजून सांगितलेलंच नसे. आपण विचारायचं, "कशाबद्दल?" आणि तिथे आपण संपलो.

"सायकलबद्दल," ते म्हणत.

मग सायकल द्यावीच लागे. आभार खिशात घालून बसलेला माणूस नाही कसं म्हणणार? तुम्ही एकदा म्हणून बघा. मी बघितलंय. जीभ टाळूला चिकटते. भर मे महिन्यात अंबरनाथ पूर्वेला एक रिक्षावाला भाडं नाकारायला मान हलवणार, तेवढ्यात यांनी हात जोडले. मान अर्ध्यात थांबली. त्या रिक्षावाल्याची मान पुढे आठवडाभर तशीच वाकडी होती असं लोक सांगतात. म्हणजे मी सांगतो आणि लोक ऐकतात.

नाव सांगत नाही. असा माणूस तुमच्याही आळीत असेल, त्याचं नाव घाला, चालेल. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत टेबलफॅनच्या जाळ्या बनवणारं एक वर्कशॉप होतं, तिथे ते स्पॉट वेल्डिंगला होते. तारेची गोल कडी, तिच्यावर आडव्या तारा, पायाने पेडल दाबायचं, चट्‌ आवाज, एक ठिणगी, एक सांधा. असे सांधे त्यांनी इतके मारले की एकापुढे एक ठेवले तर अंबरनाथहून चंद्रावर जाऊन येताना बदलापूरला उतरता येईल. हिशोब माझा आहे, तेव्हा जपून. कोणाच्याही घरी गेले की ते आधी टेबलफॅनसमोर उकिडवे बसत, जाळीवरून बोट फिरवत, आणि मग यजमानांना नमस्कार करत. बऱ्याच घरांत त्यांना दुरुस्तीवाला समजून जुने मिक्सर आणून दाखवत.

आता मी कोण? तर मी त्या काळात पत्रकार होतो. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एका छापखान्याच्या पोटमाळ्यावर माझं साप्ताहिक होतं. नावाच्या शेवटी 'गर्जना' हा शब्द होता, आणि खप असा की ती गर्जना खालच्या मिठाईवाल्यालाही ऐकू जात नसे. तो अंक न चुकता घ्यायचा. वाचायला नव्हे, बांधायला. चार पानं. पहिल्यावर व्यापारी मंडळींच्या बातम्या: अमक्या शेठचं नवं शोरूम, तमक्या शेठच्या नातवाचं जावळ, ढमक्या शेठची असोसिएशनच्या खजिनदारपदी बिनविरोध निवड. दुसऱ्या पानावर त्यांचं अभिनंदन. तिसऱ्यावर त्या अभिनंदनाबद्दल त्यांनी मानलेले आभार. चौथ्यावर पंचांग, कारण अंकात काहीतरी खरं असावं लागतं. संपादक, वार्ताहर, प्रुफं तपासणारा आणि सायकलवरून अंक टाकणारा, सगळा मीच. आम्हां चौघांचं एकमेकांशी पटत नसे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागातल्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी रविवारी नसायची, शुक्रवारी असायची. कारण वीज. सगळ्यांनी एकदम रविवारीच मशीनं बंद ठेवली तर बाकीच्या दिवशी वीज पुरायची नाही, म्हणून सरकारने भागाभागांना वार वाटून दिले होते. त्याला स्टॅगरिंग म्हणत. आमच्या वाट्याला शुक्रवार आला. ना देवाने ठरवलेला, ना पंचांगाने, विजेच्या खांबाने.

आता या गृहस्थांचं घर बघा. बायको उल्हासनगरला सरकारी कचेरीत कारकून, तिला रविवारची सुट्टी. मुलगी शाळेत, तिलाही रविवारचीच. यांना शुक्रवारची. शुक्रवारी हे एकटेच जेवायला बसत आणि रविवारी त्या दोघी यांच्या ताटावर झाकण ठेवत. दिवाळी सोडली तर एका खोलीत राहणारी ही तीन माणसं एकमेकांना दिवसाउजेडी नीट बघतच नसत.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. एप्रिलचा दुसरा आठवडा. ते पोटमाळ्यावर आले आणि हात जोडले. "आभारी आहे, संपादकसाहेब."

मी निमूट सायकलची किल्ली पुढे केली.

"आज सायकल नको. जाहीर आभार छापायचेत."

त्यांनी मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला. आमच्या वर्कशॉपचे दिलदार मालक यांनी एक मे या दिवशी सर्व कामगारांना भरपगारी सुट्टी दिल्याबद्दल समस्त कामगारांतर्फे त्यांचे जाहीर आभार.

"अरे वा," मी म्हटलं. "शेठने सुट्टी दिली?"

"नाही."

"मग?"

"देतील."

"तुम्ही मागितली का?"

"मागितली की नाही म्हणतात. दोनदा मागून बघितली. आता मागायची नाही."

"अहो, पण न दिलेल्या सुट्टीचे आभार?"

"दिल्यावर काय, कोणीही मानेल."

मी खुर्चीवरून पडलो. खुर्चीला तीनच पाय होते हे खरं, पण पडलो तो या वाक्याने.

एक मेची सुट्टी कायद्याने होतीच, असं पुढे मला एका वकिलाने सांगितलं. असेल. मोठ्या कारखान्यांत मिळायचीही. पण आमच्या छोट्या गाळ्यांच्या वसाहतीपर्यंत कायदा यायचा तर तो रिक्षाने येणार, आणि रिक्षावाले तिकडे यायला तयार नसत.

"एवढं काय आहे हो एक मेला?" मी धूळ झटकत विचारलं.

"शाळेचा रिझल्ट असतो. मुलगी चौथीत आहे, पुढच्या वर्षी शाळा बदलेल. सकाळी झेंडावंदन होतं, मग वर्गात आईवडील बसतात. बाई एकेकाचं नाव घेतात, मूल पुढे जातं, मागोमाग पालक जातो, सही करतो. मी एकदाही गेलो नाही."

"मग एक खाडा करा. जग बुडतंय का?"

"वेल्डिंगला मी एकटा. माझं मशीन थांबलं की पुढची प्लेटिंगवाली, पॅकिंगवाली सगळी बसून राहतात, त्यांचेही पैसे कापतात. माझ्या पोरीच्या रिझल्टसाठी त्यांच्या पोरांचं दूध कशाला बंद करू? त्यापेक्षा सगळ्यांचीच सुट्टी काढलेली बरी." मग थोडं थांबून, खालच्या छपाई मशीनच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "मागल्या वर्षी तिला एका पोरीने विचारलं, तुला फक्त आईच आहे का गं?"

मी पेन्सिल उचलली आणि मजकूर पुन्हा सांगायला लावून उतरवून घेतला.

छापलं. जीव मुठीत धरून छापलं म्हणा ना, कारण शेठची जाहिरात बंद झाली असती तर माझी गर्जना कायमची घोगरी झाली असती. मजकुरात मी माझ्याकडून 'औद्योगिक इतिहासातील सोनेरी पान' वगैरे मीठमसाला घातला. फोटो हवा होता. शेठचा हार घातलेला एकच फोटो माझ्याकडे होता, नातवाच्या जावळाचा. तो मी असा सफाईने कापला की नातू गेला, भटजी गेले, पण कोपऱ्यात न्हाव्याचा हात राहिला, वस्तरा धरलेला.

अंक निघाला त्या सकाळी शेठचं बोलावणं आलं. शेठ उल्हासनगरचे सिंधी, लहानपणी निर्वासित म्हणून कॅम्पात आलेले, पापड विकत मोठे झालेले. मनाने वाईट नव्हते. फक्त एखादं मशीन बंद दिसलं की त्यांच्या छातीत दुखायचं. मी गेलो तर अंक त्यांच्यासमोर पसरलेला आणि आमचे वेल्डर दारात उभे, मान डावीकडे.

"साईं, ये क्या छापा है? सुट्टी किसने दी?"

"आपने, शेठ."

"मैंने कब दी?"

फोन वाजला. पलीकडे असोसिएशनचे अध्यक्ष होते. शेठ उठून उभे राहिले. "हां जी. हां, मैंने ही दी. अब क्या है, मजदूर भी तो अपना बच्चा है." फोन ठेवला. "एक दिन का माल कौन देगा? तेरा बाप?"

पुन्हा फोन. "नहीं नहीं, बहुत दिन से दिल में था, साईं."

पहिल्या फोनला शेठनी सुट्टी कबूल केली. दुसऱ्याला ती बरेच दिवस त्यांच्या मनात होती. तिसऱ्याला ती त्यांच्या वडिलांची शेवटची इच्छा होती. त्यानंतर त्यांनी स्वतःच दोन-तीन मित्रांना फोन लावून विचारलं की आजची गर्जना पाहिली का.

"फोटू में ये उस्तरा किसका है?" त्यांनी शेवटी विचारलं.

"क्रांतीचं चिन्ह आहे, शेठ."

"अच्छा है," शेठ म्हणाले. "अब बोलो, सत्कार कब है?"

"कसला सत्कार, शेठ?" मी विचारलं.

"इतना बड़ा काम किया, सत्कार तो होगा ना? एक मे को, सुबह दस बजे, यहीं वर्कशॉप में. सब वर्कर लोग हाजिर. असोसिएशनवाले भी आएंगे. हार ये पहनाएगा," म्हणून त्यांनी आमच्या वेल्डरांकडे बोट केलं. "इसी का आइडिया है ना."

अशा रीतीने सुट्टी मिळाली आणि त्याच क्षणी गेली. जगात कुठल्या कामगाराला सुट्टी दिल्याबद्दल मालकाचा सत्कार करायला सुट्टीच्याच दिवशी कामावर बोलावलं असेल, तर मला कळवा. मी आभार मानीन.

बाहेर आल्यावर वेल्डर माझ्याबरोबर चालू लागले. वसाहतीच्या नाक्यावर वळताना थांबले, हात जोडले. "आभारी आहे, संपादकसाहेब."

"सायकल ना?"

"सायकल आहेच. आणि भाषण. हार घालायच्या आधी तुमचं भाषण ठेवू. सुट्टीचा इतिहास. मी शाळेत जाऊन परत येईपर्यंत बोला."

"किती वेळ?"

"माझा हार घालायला मी येईपर्यंत."

एक मेला वर्कशॉपमध्ये पताका लागल्या. शेठ खुर्चीत, शेजारी असोसिएशनचे चारपाच शेठ, समोर जमिनीवर कामगार, सगळे इस्त्रीचे कपडे घालून चिडलेले. ताटात हार. मी माइक हातात घेतला आणि कोपऱ्यातून माझी सायकल माझ्यावाचून बाहेर पडताना पाहिली.

तर, कामगारदिनाचा उगम. एका पत्रकात वाचलेलं मला एवढंच आठवत होतं, की शिकागो नावाचं गाव, आणि मागणी अशी की आठ तास काम, आठ तास झोप, आठ तास आपले. हे कितीही सावकाश सांगितलं तरी चहा निवायच्या आत संपतं. शिकागोचं दुसरं एकच भाषण मला ठाऊक होतं आणि ते सुट्टीबद्दल नव्हतं. मग काय करता? मी शिकागोला अंबरनाथहून रसद पुरवायला सुरुवात केली.

मी सांगितलं, शिकागोत पंख्याच्या जाळ्यांचा एक प्रचंड कारखाना होता. तेव्हा पंखे होते की नाही मला माहीत नाही, जाळ्या होत्या. तिथे एक वेल्डर होता. तिथेही विजेची टंचाई, तिथेही स्टॅगरिंग. त्याला शुक्रवारी सुट्टी, बायकोला रविवारी. ती तिकडच्या कलेक्टर कचेरीत. असोसिएशनचे एक शेठ "वाह" म्हणाले. मला चेव आला. शिकागोतली त्यांची खोली मी उभी केली, शुक्रवारचं एकट्याचं ताट, रविवारचं झाकलेलं ताट. मागच्या रांगेतले चिडलेले कामगार हळूहळू माना वर करून बघू लागले.

तेवढ्यात गेटशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. कडक इस्त्रीची साडी, बरोबर लाल रिबिनींची वेणी घातलेली मुलगी. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, माझी कीर्ती रस्त्यापर्यंत पोहोचली. महिला श्रोता मिळाल्यावर माझं काय होतं हे माझ्या घरच्यांना विचारा. आवाजात कंप आला. मी म्हटलं, "मित्रांनो, त्या शिकागोच्या कामगाराला एक मुलगी होती. तिच्या शाळेत तिला विचारत, तुला वडील आहेत की नाही?"

त्या बाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. माझ्या वक्तृत्वाला आयुष्यात मिळालेली तेवढीच दाद. मुलगी मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. ती जमिनीवर बसलेल्या माणसांच्या रांगेतून कोणालातरी शोधत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. तिच्या हातात निकालाचा पुठ्ठा होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे वीज उशिराच येते. वर्गात नावं पुकारताना तिचं नाव सुरुवातीलाच आलं होतं. सही आईने केली होती. आणि वडील सत्काराला अडकलेत असं समजून निकाल दाखवायला मायलेकी इकडे आल्या होत्या. वडील त्या वेळी तिकडे रिकाम्या वर्गात उभे असणार.

मी तरी काय करणार? बोलत राहिलो. शिकागोच्या वेल्डराला मी कारखान्यातून बाहेर काढलं, सायकलवर बसवलं, शाळेकडे पिटाळलं. शाळा लांब होती. मी ती आणखी लांब केली. मध्ये एक नदी घातली. घसा सुकला, एका शेठला डुलकी लागली, हारातली फुलं मान टाकू लागली.

आणि गेटमधून ते आले. सायकल हातात धरून, चेन निसटलेली, दोन्ही हात मनगटापर्यंत ग्रीसने काळे, सदरा घामाने चिकटलेला. पोरीच्या मागे येऊन उभे राहिले. बोलायला श्वास नव्हता. तिनेच वळून पाहिलं.

माझं शिकागो नदीच्या मध्यावर थांबलं.

"फिर?" शेठ खुर्चीतून पुढे वाकले होते. डोळे ओले होते. "फिर क्या हुआ? वो पहुंचा कि नहीं?"

"पोहोचला, शेठ," मी म्हटलं. "पण मुलगीच त्याच्याकडे आली होती."

सगळे माझ्या नजरेच्या दिशेने वळले. काळे हात वेल्डरांनी पाठीमागे घेतले होते, निकाल धरता येईना. म्हणून तिने पुठ्ठा दोन्ही हातांनी उंच धरला, आणि ते वाकून वाचू लागले. वरून खाली, मग पुन्हा वरून. त्यांना काही मोठं प्रावीण्य वाचायला मिळालं अशातला भाग नाही. शेठ उठून तिथवर गेले, चष्मा लावला आणि म्हणाले, "गणित में पैंतीस? इसको मेरे पास भेजो, मैं सिखाता हूं."

"पास आहे, शेठ," वेल्डर म्हणाले. एवढंच. पण असं म्हणाले की पुढे कोणी गणिताचं नाव काढलं नाही.

हार त्या काळ्या हातांनीच घातला गेला. शेठच्या पांढऱ्या सफारीवर दोन्ही खांद्यांवर पंजे उमटले. शेठनी ते पुसलेही नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि हे मात्र वाढवून सांगत नाही. मंडळी पांगल्यावर वेल्डर बायकोला आणि पोरीला आपल्या मशीनपाशी घेऊन गेले. चालू असताना लहान मुलाला तिथे उभं करता येत नाही. तिने पेडलवर पाय ठेवून जोर लावला. मशीनची वीज बंद होती, काही झालं नाही. "आता इथे ठिणगी पडते," त्यांनी सांगितलं. तिने पुन्हा दाबलं आणि ठिणगी पडली असं समजून डोळे मिटले. बायको त्यांच्या बसायच्या लोखंडी स्टुलाकडे बघत होती. म्हणाली, "यावर दिवसभर? एक उशी तरी न्यायची हो."

पुढच्या वर्षी वसाहतीतल्या बाकीच्या मालकांना फोटोचा हेवा वाटला. माझ्याकडे जाहीर आभारांची रांग लागली, आणि ज्यांचे आभार छापून आले त्यांना सुट्टी द्यावीच लागली. गर्जनेचा तो सुवर्णकाळ. चारपाच वर्षांत एक मे हा साऱ्या गाळ्यांचा हक्काचा दिवस झाला, सत्कारही बंद पडले. आज कोणी त्या सुट्टीचा उगम विचारला तर प्रत्येक शेठ सांगतो, मी सुरू केली. वसाहतीच्या स्मरणिकेत तर छापलंय की त्यासाठी हजारोंचा मोर्चा निघाला, लाठ्या खाल्ल्या. तो लेख माझाच आहे. मोर्च्याच्या अग्रभागी कोण होतं, हेही मीच लिहिलंय. नम्रता म्हणून सांगत नाही.

नव्वदच्या दशकात प्लास्टिकच्या जाळ्या आल्या. वर्कशॉप बंद पडलं, मशीन भंगारात गेलं. हे गृहस्थ बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला राहायला गेले आणि आमची भेट तुटली. वसाहतीतल्या उरलेल्या गाळ्यांत कंत्राटदाराची माणसं आली. कंत्राटदाराला आपला फोटो छापून यावा अशी हौस नव्हती, उलट तो येऊ नये अशीच त्याची इच्छा असे.

त्या दशकाच्या अखेरीला एका एक मेला मी बदलापूरच्या एका शाळेत गेलो होतो, एका बिल्डरच्या हस्ते वह्यावाटप, बातमी दुसऱ्या पानाची. ते उरकून निघताना एका वर्गाच्या खिडकीशी थबकलो. निकाल चालू होता. टेबलाशी एक तरुण बाई नावं पुकारत होत्या, आणि शेवटच्या बाकावर, गुडघे बाहेर काढून, अंग आखडून आमचे वेल्डर बसले होते. केस पार पांढरे झालेले.

मी खिडकीतून हळूच विचारलं, "अहो, इथे कोण तुमचं?"

त्यांनी टेबलाकडे मान केली. "बाई माझ्या आहेत. माझीच पोर."

"मग तुम्ही कशाला?"

"थांबा हो, चालू आहे."

बाईंनी एक नाव घेतलं. एक मुलगा उठून पुढे गेला. त्याच्या मागोमाग कोणी उठलं नाही. "बाबा कामावर आहेत," मुलगा म्हणाला. "आईपण." मागच्या बाकावरून हे उठले, गुडघ्यांवर हात टेकत, वेळ लागला, पण पुढे जाऊन त्या मुलाच्या मागे उभे राहिले आणि त्याच्याबरोबर वाकून निकाल वाचू लागले, वरून खाली. मग परत जागेवर आले.

मी बराच वेळ तिथे उभा होतो. बाई नाव घेत, दाराकडे बघत, जरा थांबत. आणि कोणी आलं नाही की शेवटच्या बाकाकडे बघत.